तिसऱ्या दिवशीचा नॉर्मल रिपोर्ट: मनगट पडलेल्या एका जॉबरची केस

पेशंट जॉबर. इचलकरंजीच्या बाहेरच्यांसाठी सांगते, जॉबर म्हणजे मागाचा मेकॅनिक, माग बंद पडला, धोटा अडकला की कारखान्यात ज्याच्या नावाने पहिली हाक जाते तो माणूस. वय ३८, सगळी कामं उजव्या हाताने, शुगर नाही, बीपी नाही, मावा आहे. (ओळख लागू नये म्हणून वय आणि एकदोन बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.) जून संपता संपता रात्रपाळी सुटल्यावर पहाटे भुरभुर पावसात गाडी घसरली, उजव्या दंडावर आदळला, दंडाचं हाड खालच्या बाजूला तिरकं मोडलं आणि तिथल्या तिथे मनगट लुळं पडलं. मी फिजिओ, पहिल्या दिवशी माझ्याकडे आला नव्हता, पण नंतर त्याने जे सांगितलं ते तसंच लिहिते: "हात हाय मॅडम, पन मनगट न्हाई."

दंडाचं हाड मोडणाऱ्या शंभर जणांत दहा-बारा जणांचं असं होतं. मनगट आणि बोटं उचलणाऱ्या स्नायूंची नस, रेडियल तिचं नाव, दंडाच्या हाडाला मागून वेढा घालत खाली येते आणि कोपराच्या वर साधारण १० सेंटीमीटरवर स्नायूंमधला एक जाड पडदा भेदून पुढे जाते. तिथे ती बांधल्यासारखी असते, हलायला वाव नाही, हाडाचं टोक सरकलं की सापडते. होल्स्टाइन आणि लुईस या दोघांनी १९६३ मधे नेमक्या याच जागेच्या फ्रॅक्चरवर लिहिलं, म्हणून त्याला त्यांचं नाव आहे. ट्रायसेप्सच्या फांद्या मात्र बऱ्याच वरून फुटतात त्यामुळे कोपर सरळ करायची ताकद शाबूत, गेलं ते मनगट वर उचलणं, बोटं मुळापासून सरळ करणं, अंगठा बाहेर काढणं.

मनगट गेलं म्हणजे मूठ पण गेली, हे पेशंटच्या लक्षात येत नाही आणि घाबरतात की सगळाच हात गेला. करून बघा, घट्ट मूठ वळा आणि दुसऱ्या हाताने ते मनगट आत पूर्ण वाकवा, मूठ आपोआप ढिली होते. मूठ वळणारे स्नायू ठणठणीत असतात हो, पण मनगट मागे धरून ठेवणारा कोणी नसला की त्यांना जोर लावायला जागाच उरत नाही. हा माणूस तर दिवसभर पान्यावर जगणारा. पाना हातात दिला की हातातून गळायचा, मनगटाला कॉक-अप स्प्लिंट म्हणजे मनगट मागे उचलून धरणारी पट्टी लावली की तोच पाना बऱ्यापैकी धरायचा. हे बघून त्याची बायको पहिल्यांदा हसली होती.

बधिरपणा अगदी थोडा, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या बेचक्यात पाठीमागच्या बाजूला नाण्याएवढी जागा. तरी रेडियलच्या कातडीच्या फांदीवरून आठवलं, १९०३ मधे हेन्री हेड नावाच्या इंग्लिश न्यूरॉलॉजिस्टने स्वतःच्या डाव्या हाताची हीच फांदी मुद्दाम कापून घेतली होती, संवेदना कशी कशी परत येते ते बघायला, आणि मग चार वर्षं त्याचा मित्र रिव्हर्स त्याला टोचून टोचून नोंदी करत होता. आमच्या पेशंटला हे सांगितलं तर म्हणाला येडा होता काय तो.

आता मूळ भानगड. अपघाताच्या तिसऱ्या दिवशी, ऑपरेशनच्या आधी, कोणा नातेवाइकाच्या ओळखीने एका ठिकाणी एनसीव्ही झाली. एनसीव्ही म्हणजे नसेवर बारीक शॉक देऊन पुढच्या स्नायूतून किती उत्तर येतं ते मोजणं. दंडाला प्लास्टर होतं, वरून शॉक देता येईना, म्हणून कोपराच्या खाली शॉक दिला आणि बोट सरळ करणाऱ्या स्नायूतून उत्तर घेतलं, उत्तर छान आलं, रिपोर्ट नॉर्मल. सहाव्या दिवशी प्लेट बसवली तेव्हा सर्जननी नस डोळ्यांनी बघितली, अखंड होती, सुजलेली आणि निळसर. म्हणजे नस तुटलेली नाही आणि टेस्ट पण नॉर्मल, घरच्यांनी स्वतःच हिशोब केला की नुसता धक्का बसलाय, तीन आठवड्यात मनगट उठणार. कोणीतरी तसं बोललं पण असणार. आखाड संपायच्या आत कामावर, असं ठरलं सुद्धा.

तीन आठवडे गेले, काही नाही. सव्विसाव्या दिवशी माझ्याकडे आला, मनगटाची पॉवर शून्य, बोटं शून्य, अंगठा शून्य. हाताच्या मागच्या बाजूचा, कोपराखालचा फुगवटा बसायला लागलेला, डाव्या हाताशी जोडून धरला की लगेच दिसायचं. दुसऱ्या दिवशी ईएमजी, म्हणजे स्नायूत सुई घालून त्यातले विजेचे सिग्नल ऐकायची टेस्ट, करायला पाठवलं आणि मी पण बरोबर गेले, कारण मला तो आवाज ऐकायचा होता. स्नायूत सुई घातली, पेशंट काहीच करत नाहीये, शांत पडलाय आणि स्पीकरमधून टिप टिप टिप टिप. पुस्तकात लिहिलेलं असतं की पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज, आणि त्या दिवशी बाहेर खरोखर पत्र्यावर पाऊस पडत होता, दोन्ही आवाज एकात एक मिसळले. त्याला फिब्रिलेशन म्हणतात. मनगट उचला म्हटलं तर एकही सिग्नल नाही. आणि कोपराखाली शॉक देऊन जे उत्तर तिसऱ्या दिवशी मस्त आलं होतं ते आता आलंच नाही.

मग भांडण. मेव्हणा दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी धरून म्हणाला, आधी नस चांगली होती, हा बघा कागद, मग बिघडवली कोणी? प्लेटने का तुमच्या व्यायामाने का त्या शॉकने जळाली? आज्जी म्हणजे पेशंटची आई, त्या म्हणाल्या मी तवाच म्हनलं हुतं लकवा हाय, औषध देनाऱ्याकडं जाऊ. प्रश्न रास्त होता, मला त्याचा राग आला नाही. आला तो आमच्या बोलण्याच्या सवयीचा. आम्ही सगळे, डॉक्टर काय फिजिओ काय, पेशंटला सांगतो नस म्हणजे वायर. वायर तुटली तर त्याच क्षणी दिवा जातो आणि तुटलेल्या पुढच्या तुकड्यावर बॅटरी लावली तर दिवा लागतो, उद्या पण लागतो, वर्षाने पण लागतो. नसेचं तसं नाही. नसेचा तुटलेला पुढचा तुकडा काही दिवस जिवंत राहतो आणि मग मरतो, आणि त्या मधल्या दिवसांत टेस्ट केली तर ती जिवंतच दाखवणार.

का ते नीट सांगते, कारण या केसचा सगळा जीव यात आहे. बोट उचलणाऱ्या स्नायूपर्यंत जाणारा एकेक धागा म्हणजे एकाच पेशीचा लांबलचक हात. पेशीचं मुख्य घर मानेच्या मज्जारज्जूत आणि हात पोचलाय कोपराच्या खाली, म्हणजे अर्ध्या मीटरच्या वर. प्रथिनं बहुतेक सगळी घरी बनतात आणि धाग्यातून खाली पाठवली जातात, जलद माल दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर वेगाने जातो. दंडात धागा चिरडला की पुरवठा तिथेच थांबला. खालच्या तुकड्यात जे काही शिल्लक आहे त्यावर तो तुकडा चालतो, बंद पडलेल्या कारखान्यात गोदामातल्या सुतावर माग चालवल्यासारखा. हे मी जॉबरला सांगितलं आणि त्याला ते जितकं पटकन कळलं तितकं मला कॉलेजात कळलं नव्हतं.

त्या शिल्लक मालात एक एन्झाइम फार महत्त्वाचं, एनएमनॅट-टू नावाचं. ते एनएडी बनवतं, आणि एनएडी शिवाय पेशीला अन्नातून एनर्जी काढता येत नाही. गंमत अशी की हे एन्झाइम फार टिकत नाही, काही तासांत मोडत जातं, वरून सतत नवं येत असतं म्हणून नेहमी चालतं. पुरवठा बंद झाला की ते संपतं, एनएडी घटतं आणि ज्या कच्च्या मालापासून एनएडी बनायचं तो एनएमएन साठत जातो. हे दोन्ही झालं की सार्म-वन नावाचं दुसरं एक प्रथिन, जे एरवी कुलूप लावून बसलेलं असतं, ते उघडतं आणि उरलंसुरलं एनएडी पण खाऊन टाकतं. एनर्जी संपली, आयनांचे पंप थांबले, बाहेरचं कॅल्शियम आत घुसलं, कॅल्शियमने कॅल्पेन नावाची कात्री चालू केली आणि त्या कात्रीने धाग्याच्या आतला सांगाडा कापून तुकडे तुकडे केले. म्हणजे नस उपासमारीने हळूहळू विझत नाही, ती ठरल्या यंत्रणेने स्वतःला मोडते. १८५० मधे ऑगस्टस वॉलरने बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हे तुकडे पहिल्यांदा वर्णन केले म्हणून सगळ्या प्रकाराला वॉलेरियन डीजनरेशन म्हणतात, आणि नंतर शंभरएक वर्षं सगळ्यांना वाटायचं की पुरवठा तुटला म्हणून नस आपोआप गळून पडते.

ते खोटं आहे हे एका उंदराने दाखवलं. १९८९ मधे ऑक्सफर्डमधे एक उंदरांची जात सापडली, नस कापली तरी खालचा तुकडा दोनेक आठवडे मजेत राहायचा, करंट पण न्यायचा, नेहमीच्या उंदरात तो दोन दिवसांत खलास होतो. पुढे कळलं की त्या उंदरात एनएमनॅटचाच एक टिकाऊ भाऊबंद चुकून जास्तीचा तयार होत होता. मग २०१२ मधे सार्म-वन सापडलं, ते काढून टाकलं की तसंच होतं, आणि २०१७ मधे कळलं की सार्म-वन स्वतःच एनएडी तोडणारं एन्झाइम आहे. आता त्याला अडवणारी औषधं शोधायची धावपळ चाललीय. माझ्या पेशंटला त्याचा आज काडीचा उपयोग नाही, पण त्याचा तिसऱ्या दिवशीचा रिपोर्ट समजायला मात्र आहे.

माणसात हे सगळं उंदरापेक्षा सावकाश चालतं. चिरडलेल्या जागेच्या खाली शॉक दिला तर स्नायूचं उत्तर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून घटायला लागतं आणि साधारण नवव्या दिवशी जातं, संवेदनेच्या धाग्यांचं अकराव्या दिवसापर्यंत. आधी जातो तो नस आणि स्नायू यांच्यातला सांधा, मग धागा. म्हणजे तिसऱ्या दिवशीचा तो कागद खोटा नव्हता, मशीन बिघडलेलं नव्हतं, त्या दिवशी खालची नस खरंच जिवंत होती. फक्त त्या दिवशी तो प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता. १९४३ मधे सेडन नावाच्या सर्जननी नसेच्या इजेचे तीन प्रकार पाडले, नुसता अडथळा, धागा तुटला पण नळी शाबूत, आणि सगळंच तुटलं. तिसऱ्या दिवशी कोपराखाली शॉक दिलात तर तिन्ही प्रकार सेम दिसतात! दहा-बारा दिवसांनी खालून उत्तर टिकून असेल तर पहिला प्रकार, तो आठवड्यांत सुटतो, आणि सुईची टेस्ट तीन आठवड्यांनी. माझं स्पष्ट मत, पहिल्या आठवड्यात एनसीव्ही करायचीच असेल तर रिपोर्टवर ठळक अक्षरात लिहा की इतकव्या दिवशी केली आणि पुन्हा करावी लागेल. नुसतं नॉर्मल लिहून कागद घरच्यांच्या हातात द्यायचा आणि ती माणसं तीन आठवडे त्या एका शब्दावर झोपणार, हे बरोबर नाही.

आमची केस म्हणजे दुसरा प्रकार, धागे तुटले, नळी शाबूत. आणि इथून पुढे बरं व्हायची जी काय आशा असते ती सगळी त्या नळीत असते.

नळीत श्वान पेशी असतात, धाग्यावर मायलिनचं वेष्टण गुंडाळणाऱ्या. धागा मेला की या पेशी आपला धंदाच बदलतात. सी-जून नावाचं एक जीन-स्विच चालू होतं, मायलिनची प्रथिनं बनवणं बंद, स्वतःच गुंडाळलेलं मायलिन स्वतः फोडून पचवायला सुरुवात, उरलेलं साफ करायला रक्तातून मॅक्रोफेज बोलावले जातात. मग याच पेशी एकीच्या दोन होत वाढायला लागतात, नळीच्या आत रांगेने उभ्या राहतात आणि एनजीएफ, बीडीएनएफ, जीडीएनएफ असली वाढीची प्रथिनं सोडतात. नवा धागा या रांगेवरून हात धरून खाली उतरतो. मेंदू आणि मज्जारज्जूत मायलिन बनवणाऱ्या पेशी वेगळ्या, त्या असला धंदा बदलत नाहीत, तिथला कचरा महिनोन्‌महिने पडून राहतो आणि त्या कचऱ्यातच वाढ अडवणारी प्रथिनं असतात. आज्जींना लकवा आणि हे यातला फरक सांगताना मी एवढंच म्हणाले की लकव्यात घाव मेंदूत असतो, मज्जारज्जूपासून स्नायूपर्यंतची नस जिवंत असते, म्हणून हात कडक होतो. तुमच्या लेकाचा हात सैल पडलाय, कारण स्नायूची स्वतःची नस गेलीय, पण ही नस परत वाढू शकते. आज्जींनी फक्त शेवटचं वाक्य घेतलं. ठीक आहे.

तिकडे मानेत, पेशीच्या घरात, आणखी एक उलथापालथ. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी फुगलेली दिसते, तिच्यातले निस्लचे गडद कण विरघळल्यासारखे होतात. जुनी पुस्तकं हे नुकसान म्हणून शिकवायची. खरं तर पेशी उत्पादन बदलत असते, स्नायूला संदेश द्यायचं सामान कमी आणि बांधकामाचं जास्त, ट्यूब्युलिन, ॲक्टिन, गॅप-४३. ऑर्डर बदलली की मागावरचा बीम उतरवून दुसरा चढवतात तसं.

आता स्नायू, माझा प्रांत. आपल्याला वाटतं हुकूम आला नाही तर स्नायू स्वस्थ बसेल, तसं होत नाही, तो अस्वस्थ होतो. नसेचा निरोप स्नायूला देणारं रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन, ते पकडणारे रिसेप्टर एरवी नसेच्या टोकाखाली चिमूटभर जागेत दाटीने असतात. नस गेल्यावर काही दिवसांत ते स्नायूच्या पूर्ण लांबीवर पसरतात, आणि ते सुद्धा जुन्या म्हणजे पोटातल्या बाळाच्या धाटणीचे, एका तुकड्याच्या जागी दुसरा तुकडा असलेले, एकदा उघडले की जास्त वेळ उघडे राहणारे. सोडियमचे चॅनल पण बाळाचे परत येतात. पडदा सैल होतो आणि एकेक तंतू आपला आपण फडफडायला लागतो, तेच ते पत्र्यावरचं पाणी. कातडीवरून हे दिसत नाही, सुईनेच कळतं. (भूल देणाऱ्यांना हे पसरलेले रिसेप्टर चांगले माहीत असतात. सक्सिनिलकोलीन नावाचं स्नायू ढिले करायचं औषध दिलं तर ते सगळे एकदम उघडून पोटॅशियम रक्तात ओततात, मोठ्या भागाची नस गेलेली असेल तर हृदय थांबू शकतं. एका नसेत धोका कमी, तरी पुढच्या ऑपरेशनच्या वेळी सांगायचं, हे मी त्याच्या फाईलवर लाल पेनने लिहून ठेवलं.)

आणि सुकणं. लोक म्हणतात वापर नाही म्हणून सुकला, तेवढंच नाही. स्नायूच्या आत प्रथिनांवर युबिक्विटिनचा शिक्का मारून त्यांना प्रोटिअसोम नावाच्या भट्टीत पाठवायची सोय असते. शिक्का मारणारे दोन मुख्य कारकून, मर्फ-वन आणि ॲट्रोजिन-वन, २००१ मधे सापडले. नस असताना त्यांना दाबून ठेवलेलं असतं, नस गेली की दोघं जोरात, आणि स्नायू आकसवणाऱ्या मायोसिन प्रथिनाची मोडतोड सुरू. सगळ्यात चमत्कारिक म्हणजे त्यांना उठवणारा एक जण मायोजेनिन आहे, जो बाळाच्या वाढीत स्नायू बांधतो! बांधणाराच पाडायला उभा. त्याच वेळी साखर आत घेणारी दारं कमी होतात, मायटोकॉन्ड्रिया घटतात, आणि महिने लोटले की तंतूंच्या मधे कोलॅजेन साठायला लागतं. साधारण वर्ष-दीड वर्षाच्या आत नस पोचली तर स्नायू तिला ओळखतो, त्यानंतर दार उघडायला कोणी घरात नसतं.

आमच्या क्लिनिकात हे सगळं एका डबड्यासारख्या मशीनवर दिसतं. फॅराडिक करंट म्हणजे अगदी छोटे ठोके, एक मिलिसेकंद किंवा कमी, ते खरं तर नसेला चालवतात आणि नस स्नायूला. जॉबरच्या हातावर फॅराडिक लावला तर नुसत्या मुंग्या, स्नायू ढिम्म. मग इंटरप्टेड गॅल्व्हॅनिकवर गेले, एकेक ठोका १०० मिलिसेकंदांचा, आणि त्याचं मनगट हललं, पण कसं, झटक्याने नाही, गांडूळ सरकावं तसं संथ वर आलं आणि संथ खाली गेलं. नस नसलेला स्नायू असाच आकसतो. तो बघत राहिला आणि म्हणाला, मॅडम हे मी न्हाई केलं.

करंटबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे म्हणून सांगते, स्नायूवरच्या या करंटने नस लवकर वाढत नाही. स्नायू सुकण्याचा वेग थोडा कमी होऊ शकतो, त्यावर सुद्धा एकमत नाही. मी दिला, आठवड्यातून पाच दिवस, निम्मं कारण ते आणि निम्मं कारण असं की त्याला आपलं मनगट हलताना रोज दिसत होतं. खरी मेहनत सांध्यांवर, बोटं-मनगट कडक होऊ द्यायची नाहीत, स्प्लिंट रात्री पण, आणि खांद्यासाठी भिंतीवरचं शोल्डर व्हील. ते व्हील माझ्याकडे दोन वर्षं करकरतंय. फिरवताना दर वेळी तो तोंड वाकडं करायचा, दुखतंय म्हणून नाही, आवाजाने.

बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं गल्लीतल्या डॉक्टरांनी आधीच सुरू केलेली, नस म्हटलं की ती देतातच. रक्तात कमी असेल तर द्यावीच, नसेल तर चिरडलेल्या नसेला त्याने फरक पडतो असं ठोस काही नाही, याचं तपासलं तर ठीक निघालं. तेल मालिश आज्जी करायच्या, हलक्या हाताने चालू ठेवा म्हटलं. मावा सोडा म्हणाले, हाड जुळायला तंबाखू वाईट, तर म्हणाला सुटल्यातच जमा हाय, चोळायला अंगठा कुठं चालतोय.

मग वाट बघणं. हे सगळ्यात अवघड आणि यावर कोणी लिहित नाही. सुरवातीचे काही आठवडे धागा तयारी करतो, मग दिवसाला साधारण एक मिलिमीटर. टेपने मोजलं, फ्रॅक्चरपासून कोपराजवळच्या पहिल्या स्नायूपर्यंत ९ सेंटीमीटर, बोटांच्या स्नायूपर्यंत १८ च्या पुढे, अंगठ्याच्या त्याहून खाली. म्हणजे पहिला स्नायू चार महिने, बोटं सात-आठ, अंगठा आणखी पुढे, असं पंचांगासारखं लिहून दिलं. मेव्हणा म्हणाला एवढं अचूक? म्हटलं बघू.

नवा धागा जिथवर पोचलाय तिथे बोटाने टकटक केलं की अंगठ्याच्या बेचक्यात मुंग्या जातात. १९१५ मधे, महायुद्धाच्या ऐन मधे, फ्रेंच बाजूला टिनेल आणि जर्मन बाजूला हॉफमन, दोघांनी जखमी सैनिकांमधे वेगवेगळं हेच टिपलं. मी दर तीन-चार आठवड्यांनी टकटक करायचे आणि जिथे मुंग्या उठतील तिथे निळ्या बॉलपेनने आडवी रेघ. पाचव्या आठवड्यात रेघ ऑपरेशनच्या व्रणावर. नवव्या आठवड्यात अडीच सेंटीमीटर खाली. रेघ अंघोळीत पुसायची म्हणून बायको रोज पुन्हा गिरवायची. तेराव्या आठवड्यात कोपराच्या वर तीन बोटं. पण मनगट तिथेच, शून्य. सर्जन म्हणाले सोळाव्या आठवड्यापर्यंत काही आलं नाही तर नस उघडून बघू, आणि ते बरोबरच होतं, कारण आत जाड व्रण असेल तर मुंग्यांची रेघ पुढे जाते आणि ताकद येत नाही असं पण होतं, आणि स्नायूचं घड्याळ थांबत नाही. अशा फ्रॅक्चरमधे दहातले सातेक आपोआप सुधारतात, पण आपला माणूस सातात का तिनात ते आकडा सांगत नाही. त्या दोन आठवड्यांत मी स्वतः नीट झोपले नाही.

पंधराव्या आठवड्यात परत सुई. कोपराजवळच्या स्नायूत पावसाचा आवाज जरा विरळ, आणि हात वाकवा म्हटल्यावर मधेच एक बारीक, वेडीवाकडी, काटेरी लाट. मग दुसरी. नुकताच पोचलेला धागा असाच लिहितो, थोडेच तंतू हातात आलेले, सगळे वेगवेगळ्या वेळी उडणारे. बाहेरून हाताला काहीही कळत नव्हतं. ऑपरेशन पुढे ढकललं. दिवाळीत फराळाला बसलेला असताना, अंगठा वर ठेवून चहाचा ग्लास उचलला तर कोपराशी स्नायूची दोरी उठली, ती पोराने बघितली.

त्यानंतरचं भराभर. संक्रांतीला मनगट हाताच्या स्वतःच्या वजनाविरुद्ध उठलं, तिळगूळ उजव्या हाताने दिला. मार्चमधे स्प्लिंट लावून कामावर, हलक्या कामाला, बोटं एप्रिलमधे सरळ व्हायला लागली आणि अंगठा मेच्या शेवटी, सगळ्यात लांबचा, सगळ्यात शेवटी. फॅराडिकला स्नायू झटक्याने उत्तर द्यायला लागला, गांडूळ गेलं. शेवटच्या ईएमजीत लाटा नेहमीपेक्षा मोठ्या आल्या, कारण जे धागे पोचले त्यांनी न पोचलेल्यांचे तंतू पण सांभाळायला घेतले. उजवा हात डाव्यापेक्षा दीड सेंटीमीटरने अजून बारीक आहे. बोटांची पॉवर पाचातली चार.

शेवटच्या दिवशी येताना घरून पाना घेऊन आला. काही न बोलता शोल्डर व्हीलकडे गेला, मधला नट उजव्या हाताने दोन आटे आवळला, कुठूनसं ग्रीस काढून लावलं, एकदा फिरवून कान लावला आणि म्हणाला, "धा महिनं झालं ऐकतोय."